नळीखालचे मुकुट : आजींच्या जर्मन बंदुकीचे वय आणि मोल

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात :

"मी २२ वर्षांपासून पेन्सिल्व्हेनियात राहते, माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. शेजारी ८६ वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या थोरल्या दिरांनी १९४५ मध्ये जर्मनीहून परतताना आणलेली शिकारीची एक बंदूक त्यांच्या माळ्यावर सापडली. नळी एकच आणि अष्टकोनी आहे, चाप मात्र दोन आहेत, एकामागे एक. उजव्या बाजूला घोडा आहे. चापाच्या कड्याला लगटून असलेला दांडा बाजूला फिरवला की नळी पुढे झुकते. नळीवर 'क्रुप' असे कोरलेले आहे आणि वरच्या बाजूला चांदीच्या अक्षरांत एक नाव व 'ड्रेस्डेन' असे शहर आहे. माझा भाचा एफ-१ व्हिसावर आमच्याकडे राहून शिकतो. त्याने पुढचे लाकूड काढून नळीच्या पोटाचे फोटो काढले. तिथे मुकुटाखाली बी, यू आणि जी ही अक्षरे, एक छोटा गरुड, ११८.३५ हा आकडा आणि 'एन. जी. पी. एम. ७१' अशी अक्षरे आहेत. चौकटीवर 'डी. आर. जी. एम.' असे आहे. काडतुसाचे नाव कुठेही नाही. भाच्याच्या मते ही क्रुपच्या कारखान्यात नाझींच्या काळात बनलेली दुनळी बंदूक असून तिची एक नळी हरवली आहे. आजींना पैशांची गरज आहे. त्या म्हणतात, तूच घे आणि तुला योग्य वाटेल ते दे. एका विक्रेत्याने फोनवर ३०० डॉलर सांगितले, तर इंटरनेटवर तशीच दिसणारी बंदूक ८,००० डॉलरला आहे. भाचा म्हणतो, पॉलिश करून रेंजवर एकदा उडवून पाहू. साताऱ्याच्या घरी ती भिंतीवर लावावी, असेही माझ्या मनात येते. काय करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

बंदूक ओळखण्याच्या कामाला हात घालण्याआधी भाच्याला थांबवा. पॉलिश करायचे नाही, लाकूड घासायचे नाही आणि कोणत्याही कारणाने त्या नळीत काडतूस घालायचे नाही. आजवर माझ्यासमोर आलेल्या जुन्या बंदुकांपैकी जितक्यांचे मोल गंजाने घटले, त्याहून अधिक बंदुकांचे मोल घरातल्या उत्साही माणसाच्या पॉलिशने घटले आहे. शंभर वर्षांत पोलादावर बसलेला तपकिरी थर, नक्षीच्या कडांची मूळची धार आणि दस्त्यावरचे जुने तेलपाणी पाहूनच जाणकार माणूस बंदूक अस्सल ठरवतो. हे सगळे एका दुपारी निघून जाते आणि कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही. मऊ सुती कापडाला बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब लावून लोखंडावरून फिरवा आणि तेवढ्यावर थांबा. बंदूक चामड्याच्या खोळीत असेल तर बाहेर काढून ठेवा, कारण चामडे ओल धरते आणि त्याच्या कमावणीतले क्षार पोलादाला खातात.

दुसरी गोष्ट भाच्याच्या व्हिसाची आहे आणि ती मला अधिक काळजीची वाटते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला, म्हणजे एफ-१ वर शिकणाऱ्या किंवा एच-१बी वर नोकरी करणाऱ्या माणसालाही, बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट मिळते, असे काही अपवाद कायद्यात आहेत, पण वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहणे म्हणजे मुलाचे शिक्षण आणि या देशातले वास्तव्य दोन्ही पणाला लावणे होय. तुम्ही कायमस्वरूपी रहिवासी असल्यामुळे ही मनाई तुम्हाला लागू नाही. परंतु तो तुमच्याच घरात राहतो, म्हणून खरेदीचा निर्णय होईपर्यंत बंदूक आजींच्याच घरी कुलूपबंद राहू द्या. नळी पुन्हा उतरवून फोटो काढायचे असतील तर ते काम तुम्ही आजींसमोर करा. मुलाने तिला हात लावू नये. बंदूक रिकामी आहे हे तो सांगतो म्हणून मानू नका. नळी झुकवून, मागून प्रकाश पाहून, स्वतः खात्री करा.

आता बंदुकीकडे वळतो. भाच्याचे तिन्ही तर्क चुकले असले तरी लाकूड काढून नळीच्या पोटाशी पाहण्याची बुद्धी त्याला झाली, त्याबद्दल त्याचे कौतुक करायला हवे. जर्मन बंदुकीचा जन्मदाखला तिथेच लिहिलेला असतो. वरच्या बाजूला गिऱ्हाइकाला दाखवायच्या गोष्टी असतात, आणि सरकारी तपासनीसाने मारलेले शिक्के पोटाखाली असतात.

क्रुपपासून सुरुवात करू. एस्सेनच्या क्रुप कारखान्याने नळ्यांसाठी उत्तम पोलाद पुरवले आणि ते पोलाद वापरणारे कारागीर मोठ्या अभिमानाने त्याचे नाव, कधी एकमेकांत गुंतलेल्या तीन कड्यांच्या चिन्हासह, नळीवर कोरत असत. त्यामुळे नळीवरचे 'क्रुप' हे पोलादाचे नाव समजावे, जसे पैठणीवर रेशीम कुठले ते सांगितले म्हणजे विणकराचे नाव कळत नाही. ड्रेस्डेनच्या नावाचेही बहुधा तसेच आहे. त्या काळातल्या जर्मन शिकारी बंदुका फार मोठ्या संख्येने थुरिंगिया प्रांतातल्या सूल गावात आणि जवळच्या त्सेला व मेहलिस या जोडगावांत तयार होत. नळी घडवणारा वेगळा, चौकट घासणारा वेगळा, दस्ता बसवणारा वेगळा आणि नक्षी कोरणारा वेगळा, अशा घराघरांतल्या कारागिरांच्या हातून फिरत बंदूक पूर्ण होई. मग दूरच्या शहरातला बंदूकविक्रेता ती घेई आणि तिच्यावर स्वतःचे नाव चांदीने भरून घेई. म्हणून या प्रकारच्या बंदुकीचा खरा कर्ता अनेकदा निनावी राहतो. नळीच्या पोटाशी, शिक्क्यांपासून थोडे दूर, दोन-तीन बारीक आद्याक्षरे असतात. ती बहुधा नळी घडवणाऱ्याची असतात. पुढच्या फोटोंत ती शोधा. कुठे 'त्सेला सेंट ब्लाझी' असे पूर्ण किंवा तोडलेले नाव दिसले तर आणखी चांगले, कारण १९१९ मध्ये त्सेला आणि मेहलिस ही गावे एक झाली आणि जुने नाव मागे पडले.

दोन चापांचे कोडे सोपे आहे, आणि मला विचाराल तर या बंदुकीतली सर्वांत सुंदर यांत्रिक कल्पना तीच आहे. कोणतीही नळी हरवलेली नाही. मागचा चाप ओढला की 'टक्' असा आवाज होऊन आतली कमान ताणली जाते. त्यानंतर पुढच्या चापाला बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी घोडा पडतो. जर्मन शिकारी याला 'श्टेशर' म्हणतात. दोन चापांच्या मध्ये एक चिमुकला स्क्रू असेल. स्पर्श किती हलका हवा ते त्याने ठरते. त्याला फिरवू नका. जंगलाच्या कडेला संध्याकाळच्या उजेडात चरायला आलेल्या लहानशा रो हरणावर, काठीचा आधार घेऊन, एकच गोळी नेमकी टाकायची, अशा शिकारीसाठी ही रचना झाली. हलकी, एकनळी, हातात सहज पेलता येणारी ही बंदूक तिकडे 'पिर्शब्युक्स', म्हणजे दबकत चालत करायच्या शिकारीची बंदूक, म्हणून ओळखली जाते आणि तिची परंपरा आजही जिवंत आहे. ब्लाझर कंपनीची के-९५ ही आजची बंदूक याच कुळातली आहे.

नळी पुढे झुकते म्हणजे ही 'किपलाउफ' जातीची आहे. दांडा खाली ओढल्यावर चेंबरमागचा, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेमागचा, पोलादी ठोकळा खाली सरकत असता तर तिला ठोकळ्याची, 'ब्लॉकब्युक्स', म्हटले असते. सूलच्या हेनेल कारखान्यातल्या कार्ल विल्हेल्म आइट यांनी १८८० च्या दशकात पेटंट घेतलेली रचना या दुसऱ्या कुळाच्या जवळची असून ती मुख्यतः लक्ष्यवेधाच्या बंदुकांत दिसते. हा फरक लक्षात ठेवायचे कारण व्यवहाराचे आहे. इंटरनेटवर 'जुनी जर्मन एकनळी' असे शोधले की भारी नळीच्या, आकड्यासारख्या वळणदार दस्त्याच्या लक्ष्यवेधी बंदुका समोर येतात आणि त्यांचा बाजार तुमच्या बंदुकीच्या बाजाराहून निराळा आहे.

आता शिक्के. जर्मन साम्राज्याने बंदुकांच्या सक्तीच्या चाचणीचा कायदा १९ मे १८९१ रोजी केला आणि तो १ एप्रिल १८९३ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवली जाई, मग तिची तपासणी होई आणि मुकुटाखाली एकेक अक्षर ठोकले जाई. बी म्हणजे 'बेशुस', चाचणीचा बार. यू म्हणजे 'उंटरझूखुंग', तपासणी. जी म्हणजे 'गेत्सोगेन', आतून आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, पाडलेली नळी. छऱ्यांच्या नळीवर जी ऐवजी एस आला असता. कायदा लागू झाला त्या वेळी दुकानात किंवा कारखान्यात पडून असलेल्या तयार मालावर मुकुटाखाली व्ही ठोकला गेला. तो तुमच्या फोटोंत नाही, म्हणून ही बंदूक १ एप्रिल १८९३ नंतर चाचणीला गेली असे धरायला आधार आहे.

गरुड पाहून भाच्याला नाझी आठवले, हे स्वाभाविक आहे, पण हा गरुड कैसरच्या साम्राज्याचा आहे. नाझी राजवटीने चाचणीचा नवा कायदा १९३९ मध्ये केला आणि तो १ एप्रिल १९४० पासून लागू झाला. त्यात मुकुट गेले आणि अक्षरांवर गरुड बसला. तुमच्याकडे अक्षरांवर मुकुट आहेत. ही गोष्ट आजींना नीट समजावून सांगा, कारण उद्या एखादा विक्रेता त्यांना 'नाझी अधिकाऱ्याची बंदूक' अशी गोष्ट जोडून द्यायला सुचवेल आणि तिच्यामुळे भाव चढतो असे सांगेल. शिक्के त्या गोष्टीला साथ देत नाहीत, आणि खोट्या गोष्टीसह विकलेली वस्तू म्हणजे घेणाऱ्याची फसवणूकच आहे.

बंदुकीचे वय आणखी जवळ आणता येते. 'डी. आर. जी. एम.' ही साम्राज्यातली लहान सुधारणांची नोंदणी असून तिचा कायदा १८९१ चा आहे, म्हणजे तीही १८९३ च्या हिशेबाशी जुळते. त्या अक्षरांपुढे क्रमांक असेल तर तो अगदी नीट टिपा. हे क्रमांक चढत्या क्रमाने दिले गेले, त्यामुळे बंदूक कोणत्या वर्षाच्या आधीची असू शकत नाही हे त्यावरून काढता येते. धूरविरहित दारूच्या चाचणीचा मुकुट-एन हा शिक्का १९११ च्या सुमारास आला. तो इथे नाही. पुढच्या काळात सूलच्या चाचणीगृहाने महिना आणि वर्ष दाखवणारे आकडे ठोकले, उदाहरणार्थ जानेवारी १९२६ साठी १ आणि २६, तेही नाहीत. 'एन. जी. पी. एम. ७१' म्हणजे 'नॉयेस गेवेर पुल्फर, मॉडेल ७१', काळ्या दारूचा एक प्रकार, आणि ही नळी त्या दारूने तपासली गेली. हे सगळे एकत्र ठेवले तर १८९३ ते साधारण १९११ असा काळ मला सर्वांत संभवनीय वाटतो.

इथेच या प्रकरणाची खरी गाठ आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी तयार झालेली बंदूक 'अँटिक' ठरते, आणि १८९९ पासूनची बंदूक, ती कितीही जुनी दिसली तरी, साधी बंदूकच राहते. आपला काळ नेमका या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. 'अँटिक' ठरलेली बंदूक संघीय नियमांच्या बऱ्याच कटकटींतून सुटते, म्हणून संग्राहक तिला थोडे जास्त देतात, आणि म्हणूनच विक्रेत्यांना 'अंदाजे १८९५' असे लिहायचा मोह होतो. तुम्ही तो मोह टाळा. पुरावा हाती येईपर्यंत ही १८९९ नंतरची आहे असे समजूनच वागा.

पुरावा मिळण्याची एक वाट मात्र आहे आणि ती ड्रेस्डेनच्या त्या चांदीच्या नावातून जाते. जर्मन शहरांत दरवर्षी पत्तेपुस्तके निघत; त्यांत रहिवाशांची व दुकानांची नावे, धंदे आणि रस्ते दिलेले असत. ड्रेस्डेनमधल्या सॅक्सनी राज्य व विद्यापीठ ग्रंथालयाने त्या शहराची जुनी पत्तेपुस्तके संगणकावर पाहायला खुली केली आहेत. १८९० ते १९१२ या वर्षांत त्या नावाचा बंदूकविक्रेता केव्हा दिसू लागतो आणि केव्हा नाहीसा होतो, ते पाहा. तो १८९९ च्या आत धंद्यातून गेला असेल तर तुमच्या हाती कागदोपत्री आधार येतो. तो १९०० नंतरच उगवला असेल तर प्रश्न उलट दिशेने मिटतो. दोन्ही वेळी तो असेल तर काळ तसाच राहतो. तुमच्या भाच्याच्या उत्साहाला हे काम फार योग्य आहे, आणि त्यासाठी बंदुकीला हात लावावा लागत नाही.

आता ११८.३५ या आकड्याबद्दल. तो बंदुकीचा क्रमांकही नाही आणि इंचातले मापही नाही. एका इंग्रजी पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या ११८.३५ गोल गोळ्या केल्या तर त्यांतली एक गोळी जेवढ्या व्यासाची होईल तेवढा नळीचा आतला व्यास, असा त्याचा अर्थ आहे. छऱ्यांच्या बंदुकीला 'बारा बोअर' म्हणतात तोच हा जुना हिशेब. ११८.३५ म्हणजे साधारण ८.६४ मिलिमीटर, १७२.२८ असता तर ७.६२ मिलिमीटर झाले असते. हे माप आट्यांच्या उंचवट्यांमधले आहे. खाचांमधले अंतर त्याहून जास्त असते. त्यामुळे नळी ९.३ मिलिमीटर नावाच्या काडतुसाची असण्याची शक्यता मोठी आहे, आणि जर्मन वनरक्षकांचे त्या काळातले लाडके काडतूस ९.३ × ७२ आर हे त्यात पहिले आठवते.

पण 'शक्यता' या शब्दावर कृपया थांबा. ९.३ मिलिमीटर हे एक काडतूस नसून मोठे कुटुंब आहे. ५७, ६५, ७०, ७२, ८०, ८२ अशा निरनिराळ्या लांबीची काडतुसे त्यात होऊन गेली आणि काडतुसाचे नाव ठोकण्याची सक्ती नसल्यामुळे अनेक नळ्यांवर ते नाही. त्यातच ९.३ × ७४ आर हे नावाने सख्खे भावंड वाटणारे काडतूस आहे. ते फार जास्त दाबाचे असून आजही विकले जाते. काळ्या दारूने तपासलेल्या जुन्या नळीशी त्याचा काही संबंध येता कामा नये. ९.३ × ७२ आर काडतुसे चेक प्रजासत्ताकातली सेलिए अँड बेलो कंपनी बनवते, म्हणून 'मिळतात तर उडवू' असे वाटते, परंतु जुन्या नळ्यांची आतली मापे एकमेकींशी जुळत नाहीत आणि आजची गोळी तुमच्या नळीला जाड होऊ शकते.

याचा उलगडा जुन्या बंदुकांची सवय असलेला बंदूक-कारागीरच करू शकतो. तो कमी तापमानाला वितळणारा 'सेरोसेफ' नावाचा मिश्रधातू चेंबरमध्ये ओततो, गार झाल्यावर त्याचा साचा बाहेर काढतो आणि मोजतो. हा धातू आधी किंचित आकसतो, म्हणून तो सहज बाहेर येतो, आणि मग पुन्हा फुगत तासाभराने चेंबरच्या मूळ मापाला येतो. त्या वेळी घेतलेले माप खरे. हा खर्च फार नाही आणि तो करायलाच हवा, कारण 'काडतूस अज्ञात' असे लिहिलेली बंदूक आणि 'चेंबरचा साचा घेऊन ९.३ × ७२ आर निश्चित' असे लिहिलेली बंदूक यांच्या भावात मोठा फरक पडतो. त्याच भेटीत त्याच्याकडून नळीच्या आतले आटे, बिजागराचा ढिलेपणा आणि दस्त्याच्या मानेवर तडा आहे का, हे तपासून लेखी घ्या. नळी, चौकट आणि पुढचे लाकूड या तिन्हींवर एकच क्रमांक आहे का, हेही त्यात लिहून घ्या.

१९४५ नंतर अमेरिकेत आलेल्या जर्मन बंदुकांची एक खास दुखापत असते. इथे त्यांची काडतुसे मिळत नसत, म्हणून अनेकांनी चेंबर कोरून ते दुसऱ्या काडतुसाला जुळवले. कोणी दस्ता कापून त्याला लाल रबराची गादी बसवली, तर कोणी नळीला भोके पाडून अमेरिकन दुर्बीण चढवली. तुमच्या आजींची बंदूक ८० वर्षे माळ्यावर पडून राहिली असेल तर ती या सगळ्यातून वाचली असण्याची आशा आहे. दस्त्याच्या टोकाची पट्टी शिंगाची आहे का, तिचे स्क्रू सरळ आहेत का आणि त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या आहेत का, ते पाहा. नळीच्या वरच्या बाजूला आडव्या, तिरक्या कडांच्या खाचा आहेत का, हेही पाहा. जर्मन दुर्बिणी पंजासारख्या आकड्यांनी अशा खाचांत अडकवल्या जात. तशा खाचा असतील तर आजींच्या घरातला प्रत्येक डबा उघडून दुर्बीण शोधा. त्याच क्रमांकाची मूळ दुर्बीण सापडली तर माझा पुढचा सगळा अंदाज वर सरकेल.

आता मोल. विक्रेत्याचे ३०० डॉलर हे न पाहता, पुन्हा विकून नफा राहावा म्हणून सांगितलेले आकडे आहेत. त्यात अप्रामाणिक असे काही नाही, पण तो तुमचा भाव नव्हे. ८,००० डॉलर ही कोणीतरी मागितलेली किंमत आहे. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून नेहमी पूर्ण झालेल्या विक्रीचे आकडे पाहा, आणि लिलावाचा आकडा पाहताना त्यातून विकणाऱ्याच्या हाती कमिशन जाऊन किती पडते, तेही मोजा. वर्णन व फोटो यांवरून, म्हणजे निनावी सूल-घडणीची, साधारण नक्षीची, मूळ दुर्बीण नसलेली, ठाकठीक स्थितीतली किपलाउफ असे धरून, आजच्या अमेरिकी बाजारात दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारासाठी मी ७०० ते १,२०० डॉलर हा पट्टा धरतो. आटे आरशासारखे असले आणि नक्षीची धार शाबूत असली तर १,५०० च्या आसपास जाणे मला अवास्तव वाटणार नाही. आटे खाल्लेले असले, मानेला तडा असला किंवा चेंबर बदललेले असले तर ५०० मिळाले तरी समाधान मानावे. हा माझा अंदाज आहे आणि प्रत्यक्ष बंदूक पाहणाऱ्याचा शब्द त्याच्या वरचा मानावा. 'जर्मन गन कलेक्टर्स असोसिएशन' आणि 'अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन' या दोन संस्थांचे सदस्य अशा बंदुका हाताळत आलेले आहेत. तुमचे फोटो त्यांच्यापर्यंत पोचवा.

तुम्ही स्वतः ती घ्यावी का, हा प्रश्न तुम्ही फार हळुवारपणे विचारला आहे, म्हणून स्पष्ट उत्तर देतो. जो मोल सांगतो त्यानेच विकत घेऊ नये. आजी तुमच्यावर विश्वास टाकून 'तुला योग्य वाटेल ते दे' म्हणतात, आणि नेमक्या याच कारणाने तो आकडा तुमच्या तोंडून जाता कामा नये. पैसे देऊन एका त्रयस्थ मूल्यमापकाकडून लेखी मूल्यांकन करून घ्या, ते आजींच्या नावावर असू द्या, त्यांची मुले किंवा पुतणे असतील तर त्यांना त्याची प्रत पाठवा, आणि मग तुम्हाला हवी असेल तर त्या आकड्याला घ्या. व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फत नोंदवा. काही राज्यांत काही व्यवहारांना त्याची सक्ती नसते, तरीही थोड्या शुल्कात तुमच्या नावाची तपासणी होते आणि कागद तयार होतो, तो पुढे कामी येतो. घेतलीत तर भाचा घरात असेपर्यंत तिजोरीची किल्ली फक्त तुमच्याकडे राहील, हेही आताच ठरवा.

साताऱ्याच्या भिंतीचा विचार मात्र सोडून द्या. भारतात शस्त्र कायदा, १९५९ लागू आहे. त्यात जुन्या पद्धतीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, परंतु दुरुस्ती करूनही जे वापरता येणार नाही अशाच शस्त्राला. ही बंदूक आज ना उद्या चालू शकते. भारतात शोभेला नेण्यासाठी तिची नळी कापून निकामी करणे म्हणजे तिचा जीव घेणे आहे, आणि ते मी सुचवणार नाही.

एक काम राहिले आणि ते तपासणी, साचा, मूल्यांकन या सगळ्यांच्या आधी करा. अमेरिकन फौजा सूलमध्ये एप्रिल १९४५ मध्ये शिरल्या आणि जुलैच्या सुरुवातीला त्यांनी थुरिंगिया सोव्हिएत फौजांच्या हवाली केला. ड्रेस्डेन मात्र मे मध्ये सोव्हिएत फौजांनीच घेतले. म्हणजे आजींच्या दिरांच्या हाती ही बंदूक ड्रेस्डेनला आली असण्याची शक्यता कमी आहे. तोवर तिचे वय साधारण ३४ ते ५२ वर्षांच्या दरम्यान असावे, आणि ती कुणा जर्मन शिकाऱ्याच्या घरातून, नागरिकांना शस्त्रे जमा करायला लावली गेली त्या दिवसांत, एखाद्या ढिगात आली असावी. दीर कोणत्या तुकडीत होते, कोणत्या गावी थांबले होते, बंदूक त्यांना कोणी व कशी दिली, परत येताना लष्कराने ती नेण्याची परवानगी देणारा कागद दिला होता का, हे आजींना विचारा. असे कागद अनेक सैनिकांना मिळाले होते आणि घरातल्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ते आजही सापडतात. आजी सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या आणि तो कागद मूल्यांकनाला जोडा. दस्त्याच्या खालच्या कडेला चांदीची लहान पट्टी असेल तर तिच्यावरची अक्षरे पाहा. ती दिरांच्या नावाशी जुळत नसतील तर ती त्या पहिल्या शिकाऱ्याची असू शकतात. तीही तशीच, न घासता, फोटोत येऊ द्या.